ओळखीची वीण

सिन्योर ऑर्लांदींची टोपी वाऱ्याने समुद्रात उडवली नसती, तर मुन्सिफ मला जन्मभर म्हातारीच समजत राहिला असता.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. आम्ही ट्यूनिसजवळच्या अरियाना गावच्या बायका शेशिया विणायचो. ट्यूनिसच्या पुरुषांच्या डोक्यावरची ती लाल, मऊसूत टोपी एकदा हातात घेऊन बघा, ती सुयांवर विणलेली आहे हे सांगूनही पटायचं नाही. आमच्या हातून निघते तेव्हा ती पांढरी असते, सैल असते, आणि एवढी मोठी की घातली तर खांद्यापर्यंत यावी. मग बतान गावच्या गिरणीत गरम पाण्यात कुटून कुटून ती निम्मी होते, काटेरी बोंडांनी तिचे तंतू उभे करतात, रंगवतात. तोवर एकही टाका दिसत नाही. शेवटी आतल्या बाजूला खूण भरतात ती दुकानाची. विणणारीचं नाव कुठेच नसतं.

माझे टाके जगात दोनच माणसांना ठाऊक होते. एक मी, आणि दुसरा आमचे मालक सी तय्यिब यांच्या दुकानात पांढऱ्या टोप्या तपासून घेणारा कुणीतरी.

त्या कुणीतरीला मी पाहिलेलं नव्हतं. दर पंधरवड्याला आमच्यातली थोरली, खाला म्हणजे मावशी मन्नूबिया, आम्हा सगळ्यांच्या टोप्या गाठोड्यात बांधून दुकानात न्यायची, दारातल्या पोऱ्याकडे द्यायची आणि नवी लोकर घेऊन यायची. दोन वर्षांपासून त्या लोकरीबरोबर माझ्या घरी कागदात बांधलेला हलवा येत होता. लोण्यासारखा मऊ. सोबत निरोप असायचा की खालाला म्हणावं डोळे जपा, दिव्याशी विणत बसू नका. आम्हाला वाटायचं, 'खाला' म्हणजे तो मन्नूबियालाच म्हणत असेल आणि ती प्रेमाने सगळं मला देऊन टाकत असेल. आई रोज नमाजानंतर त्या भल्या म्हाताऱ्यासाठी दुवा मागायची. मीही मनात त्याला पांढरी दाढी लावून ठेवली होती.

त्या मे महिन्यात खाला मन्नूबियाचा पाय मुरगळला आणि गाठोडं घेऊन मी निघाले.

दुकानात शिरले तर कुणाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मध्ये एक उंच, गोरा म्हातारा उभा होता. अंगात सुती कोट, कपाळ उन्हाने लालभडक. ट्यूनिसच्या ला गुलेत बंदरात धक्क्याला सकाळी मोठं पांढरं जहाज लागलं होतं, त्यातलाच हा एक प्रवासी, सिन्योर ऑर्लांदी. उत्तर इटलीत त्याचा टोप्यांचा कारखाना होता, आणि त्याची स्वतःची टोपी आदल्या दिवशी डेकवरून उडून गेली होती. उघड्या डोक्याने हिंडायची त्याला लाज वाटत होती. हे सगळं तो हसत हसत सांगत होता, आणि सांगता सांगता एक लाल शेशिया उजेडासमोर धरून फिरवत होता.

"कुठेही पातळ नाही," तो म्हणाला. इटालियन आम्हाला सगळ्यांनाच थोडीफार यायची. "कुटण्याने एवढी एकसारखी होत नाही. मुळात वीणच तशी असणार. कुणी विणली?"

सी तय्यिब छाती काढून म्हणाले, आमच्या घराण्याची आहे. म्हातारा म्हणाला, घराण्याला बोटं नसतात, कुणी विणली ते सांगा.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. "अरियानाच्या खालाने."

बोलणारा, मुन्सिफ, सव्विसेक वर्षांचा होता. कुरळे केस, भुवयांत लोकरीचे तंतू अडकलेले, आणि हातात काटेरी बोंडं. तो पुढे आला आणि त्या खालाबद्दल बोलायला लागला. तिच्या पहिल्या टाक्याचा आणि शेवटच्या टाक्याचा ताण कसा सारखा असतो, ती धागा जोडते ते मलासुद्धा शोधावं लागतं, पन्नास वर्षं विणल्याशिवाय असा हात बसत नाही... मी गाठोडं छातीशी धरून दारात उभी. माझे कान तापले होते. माझ्या कामाबद्दल कुणी तोंडाने बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि बोलणारा माझ्या वयात तीस-चाळीस वर्षं घालत होता.

म्हाताऱ्याला ते खरं वाटेना. स्पर्शाने हात ओळखतो म्हणतोस, तर ओळखून दाखव, म्हणाला. सी तय्यिबनी माझ्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं. आठ बायकांच्या सोळा टोप्या होत्या त्यात. शेजारच्या दुकानदाराने मागून मुन्सिफचे डोळे दाबून धरले. गल्लीतली माणसं दारात जमा झाली.

मुन्सिफ एकेक टोपी चाचपून डावीकडे टाकत गेला. मग एक उजवीकडे ठेवली. माझी. आणखी एक. माझी. तिसरीपाशी त्याची बोटं थांबली. परत फिरली... परत थांबली.

"हीसुद्धा खालाचीच," तो हळू म्हणाला. "पण या दिवशी तिचं मन ठिकाणावर नव्हतं. टाके आवळलेत. रडली असणार बिचारी."

ती टोपी मी विणली त्या गुरुवारी माझा भाऊ सलाह बोटीने फ्रान्सला गेला होता. धक्क्यावर, चारचौघांत, मी त्याचा हात धरून थांब म्हटलं होतं. तो हसला, हात सोडवला आणि गेला. घरी येऊन मी ओठ मिटून विणत बसले होते, आणि त्याच दिवशी ठरवलं होतं, यापुढे कुणालाही थांब म्हणायचं नाही.

"रडली नव्हती ती," मी म्हटलं.

सगळे वळले. सी तय्यिब म्हणाले, तुला गं काय माहीत?

"मीच आहे ती."

शेजाऱ्याने मुन्सिफच्या डोळ्यांवरचे हात काढले. तो माझ्याकडे बघत राहिला. बघतच राहिला. मग त्याच्या तोंडून काय निघावं?

"पण... तुम्हाला दात आहेत."

गल्ली हसायला लागली. तेव्हा मला त्या मऊ हलव्याचा उलगडा झाला. पाठवणारा हाच होता.

"सगळे आहेत," मी म्हटलं. "मोजून घ्यायचेत का तपासणीत?"

त्याचे कान शेशियाच्या रंगाचे झाले.

सिन्योर ऑर्लांदींनी मात्र माझ्यासमोर मान झुकवली, एखाद्या मोठ्या बाईसमोर झुकवावी तशी. डोक्यावर घालायला त्यांनी लाल शेशिया घेतली, आणि मग म्हणाले की मला एक पांढरीही हवी, अशीच, जिच्यात टाके दिसतात ती. सी तय्यिब समजावायला लागले की ती घालता यायची नाही. म्हातारा म्हणाला, घालायची नाहीच, माझ्या कारखान्यात काचेच्या पेटीत ठेवायची आहे, कामगारांना दाखवायला. आणि खाली हिचं नाव.

सी तय्यिब गाठोड्यातली एक उचलायला लागले. मी त्यांचा हात अडवला.

"त्या दुकानाच्या आहेत. माझ्या नावाने ठेवायची तर माझी हवी."

माझ्या पिशवीत एक अर्धवट होती. स्वतःच्या लोकरीची, सलाहसाठी सुरू केलेली. बसमध्ये उसवून टाकायची म्हणून घेतली होती आणि उसवली नव्हती. जहाज सहाला सुटणार होतं. मी म्हटलं, त्याच्या आत देते. सी तय्यिब कपाळावर हात मारून म्हणाले की हिला वेड लागलंय. मी स्टुलावर बसले आणि सुया काढल्या.

आता माझी बोटं वाकडी झालीत, सुईत दोरासुद्धा नातीकडून ओवून घ्यावा लागतो. पण त्या दुपारी ती कशी चालत होती, ते मला अजून आठवतं. सिन्योर समोर बसून बघत होते. थोड्या वेळाने सी तय्यिब त्यांना जेवायला घेऊन गेले. मुन्सिफ माझ्यापासून दोन हातांवर बसून टोपीवर बोंड फिरवत होता. खर्र... खर्र... मग बोंड थांबलं.

"दोन वर्षं मी तुम्हाला खाला म्हणतोय," तो शेवटी म्हणाला.

"मी तुम्हाला आजोबा म्हणतेय."

"हलवा तरी आवडायचा?"

"मऊ असायचा. आई म्हणायची, म्हाताऱ्याला दात नसतील, स्वतःला चावता येतं तेच पाठवतो."

तो मान खाली घालून हसला. मग म्हणाला, एक विचारू? विचारा, म्हटलं.

"प्रत्येक टोपीत चाळिसाव्या ओळीच्या आसपास तुम्ही जराशा थांबता. दोन वर्षं विचार करतोय, ही बाई तिथे काय करत असेल."

"चहा उतरवते. तेवढ्यात उकळतो."

"चहा," तो म्हणाला. "मला वाटायचं, नवऱ्याची आठवण काढत असेल. वारलेल्या."

"नवरा मारूनसुद्धा टाकलात माझा?"

"आता नाहीच म्हटल्यावर..." तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून जोरजोरात बोंड फिरवायला लागला. मी मान वर केली नाही. पण टाके मोजायची मला कधी गरज पडत नसे, त्या दिवशी मी ते मोजत होते.

जेवून आल्यावर सिन्योर ऑर्लांदी मुन्सिफसमोर बसले. माझ्या देखतच बोलले. म्हणाले, चाळीस वर्षं या धंद्यात आहे, अशी बोटं पाहिली नाहीत, माझ्याकडे ये. राहायला खोली, पगार इथल्या तिप्पट, कागदपत्रं मी पाठवतो. ज्या जहाजाने आलो त्यानेच परत जातोय, पुन्हा इकडे येणं व्हायचं नाही. शिडी चढायच्या आत हो की नाही ते सांग.

मुन्सिफ सी तय्यिबकडे बघायला लागला. त्यांनी नजर चुकवली. त्या वर्षी गल्लीतली पाच दुकानं बंद झाली होती, नवी पोरं उघड्या डोक्यानेच फिरत होती. थोड्या वेळाने सी तय्यिबच म्हणाले, "जा बाबा. मी किती दिवस दुकान उघडं ठेवीन, मलाच माहीत नाही."

"विचार करतो," मुन्सिफ म्हणाला.

मी विणत राहिले. माझी वीण बदलली नाही. बदलू दिली नाही.

चार वाजले तरी बोटभर टोपी शिल्लक होती. मी म्हटलं, गाडीत पुरी करते, धक्क्यावर हातात देते. मुन्सिफचं घर ला गुलेतमध्येच, बंदराजवळ, त्यामुळे सिन्योरना पोचवायचं काम त्याच्याकडे आलं. तिघं आगगाडीत बसलो. सिन्योर लाल शेशिया घालून खिडकीशी बसले आणि बसल्या बसल्या पेंगायला लागले. बाहेर तलाव चमकत होता, पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे होते.

"तुम्ही काही बोलला नाहीत," मुन्सिफ म्हणाला.

"कशाबद्दल?"

"सिन्योर बोलले त्याबद्दल."

"मला कुणी विचारलं?"

"मी विचारतोय. आता."

मी धागा बोटावर घेतला. "चांगली नोकरी आहे. जा."

"जा?"

"गरम कपडे न्या. तिकडे थंडी असते म्हणतात."

नुसत्या सुया वाजत होत्या.

धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेपाच व्हायचे होते. जहाज एवढं उंच होतं की त्याची सावली जकातघराच्या भिंतीवर चढली होती. मी एका दगडावर बसून शेवटचे टाके दोऱ्यात ओवले, ओढले, गाठ मारली. मुन्सिफने सवयीने हात पुढे केला. मीही सवयीने टोपी दिली... म्हणजे दोन वर्षं देतच होते की, फक्त मध्ये मन्नूबिया असायची.

त्याने आत मूठ घालून टोपी फिरवली. बोटं सरकत गेली. वरच्या टोकाजवळ थांबली.

"इथे काय झालं?"

"गाडी हलत होती."

"गाडी ट्यूनिसपासून हलत होती." त्याने अंगठा त्याच जागी ठेवला होता. "या सहा ओळी. तुम्ही 'जा' म्हणालात, त्याच्या पुढच्या."

माझ्या आयुष्यात काचेत बसणारी ती एकच टोपी, आणि तिच्यातल्या सहा ओळींनी मला चारचौघांत उघडं पाडलं होतं. उसवून विणायला वेळ नव्हता. मी टोपीसाठी हात पुढे केला.

"तपासणी झाली असेल तर द्या. त्यांना उशीर होतोय."

सिन्योर ऑर्लांदींनी टोपी दोन्ही हातांनी घेतली. पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. म्हटलं, विकायची असती तर दुकानातली दिली असती. मग त्यांनी माझं नाव विचारून एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. दलंदा, अरियाना. अक्षरं बरोबर आहेत ना, म्हणून मला दाखवलं. मी आधी माझं नाव हजेरीच्या पटावर पाहिलं होतं, लसीच्या कार्डावर पाहिलं होतं. माझ्या कामाखाली ते मी त्या दिवशी पाहिलं.

भोंगा वाजला. मुन्सिफने त्यांची पिशवी उचलली आणि दोघं शिडीकडे चालू लागले. शिडीपाशी थांबून बोलायला लागले. मला ऐकू येत नव्हतं. मुन्सिफ काहीतरी बराच वेळ सांगत होता. मग म्हाताऱ्याने डोकं हलवलं, पिशवी खाली ठेवली आणि त्याला कडकडून मिठी मारली.

अशी मिठी हो म्हणणाऱ्यालाच मारतात, ते मला कळत होतं. मी पाठ फिरवली. पंधरा दिवसांपूर्वी याच धक्क्यावर जहाज दिसेनासं होईपर्यंत उभी राहिले होते. आज नाही. ताठ मानेने, घाई न करता, मी स्टेशनापर्यंत चालत गेले, ट्यूनिसचं तिकीट काढलं, गाडीत बसले आणि सुया-लोकरीची पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. डोळ्यांत पाणी आलं नाही.

गाडी हलली आणि कुणीतरी धावत्या गाडीत उडी मारली. मुन्सिफ. धापा टाकत डब्यातून पुढे आला आणि माझ्या पिशवीच्या पलीकडे बसला. पिशवी मध्येच राहिली.

"तुमचं घर ला गुलेतमध्ये आहे ना?" मी म्हटलं.

"आहे. दोन गल्ल्यांवर."

"मग गाडीत कशाला?"

"तुम्ही थांबला का नाहीत?"

"मी कशाला थांबू? टोपी दिली, काम संपलं." विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच. "काय सांगितलंत त्यांना?"

त्याने कपाळावरचा घाम पुसला. "त्यांना विचारलं, तुमच्याकडे विणतं कोण? म्हणाले, यंत्रं. एकशेवीस यंत्रं, सगळ्यांची वीण एकसारखी. मी म्हटलं, सिन्योर, मग तिथे माझ्या बोटांना काय काम? रोज तीच ती टोपी हातात येणार. ते म्हणाले, तू मूर्ख आहेस. आणि मिठी मारली."

मी खिडकीबाहेर बघत होते. कोळ्यांची घरं, वाळत घातलेली जाळी, खाऱ्या वाऱ्याने रंग उडालेले निळे दरवाजे मागे जात होते. मला आनंद झाला होता, इतका, की मला त्याची भीती वाटली. म्हणून मी आवाज कडक केला.

"हे बघा. माझ्या भावाला मी थांब म्हटलं होतं. तुम्हाला म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही. उद्या सी तय्यिबनी दुकान बंद केलं, हातात काम उरलं नाही, की 'हिच्यासाठी राहिलो' हे वाक्य मला ऐकायचं नाही. कधीच नाही. माझ्यासाठी राहत असाल तर पुढच्या स्टेशनावर उतरा. जहाज अजून धक्क्याला आहे, जाऊन हो म्हणा."

पुढच्या स्टेशनाचं नाव होतं बाक. बाकनंतर गाडी तलावातल्या बांधावर चढते, दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, ट्यूनिस येईपर्यंत मध्ये एकही स्टेशन नाही. मी हे शेकडो वेळा पाहिलेलं होतं. त्या दिवशी मात्र बाकची पाटी दिसली आणि मी ती अक्षर न् अक्षर वाचली.

गाडी थांबली. मुन्सिफ उठला.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणजे, खिडकीच्या काचेत बघितलं. तो दारापर्यंत गेला. एका बाईची मासळीची जड पाटी त्याने उचलून खाली फलाटावर ठेवली. स्वतः पायरीवर उभा राहिला. बाई त्याला दुवा देत होती. त्याने वळून बंदराच्या दिशेने पाहिलं, तिथून जहाजाचं धुराडं दिसत होतं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मला तर तेवढ्यात म्हातारपण येऊन गेल्यासारखं वाटलं.

मग तो आत आला आणि होता तिथेच बसला.

"तुमच्यासाठी नाही थांबलो," तो म्हणाला. आवाज हळू होता, पण चाचरत नव्हता. "मला तुम्ही हव्या आहात, म्हणून थांबलोय. ही गरज माझी आहे. उद्या दुकान बंद झालं तर मी दुसरं काहीतरी करीन, आणि त्याचा दोष तुमच्या दारात आणून टाकणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी इथेच आहे. शुक्रवारी आई तुमच्या घरी मागणी घालायला येईल. तिला परत पाठवायचं असेल तर पाठवा."

शिट्टी झाली. गाडी बाक सोडून बांधावर चढली. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, आणि मधून आमचा तेवढा रूळ.

मी आमच्या दोघांमधली पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.